नाताळचं खातेवाटप

येलहंका न्यू टाउनमधल्या आमच्या चिरंजीवांच्या घरी नाताळ चांदणीने येत नाही की केकने येत नाही. तो अक्कांच्या रजेने येतो. घरकामाच्या बाईंना इकडे 'अक्का' म्हणतात. या अक्का तमिळ ख्रिस्ती, गाव कोलार गोल्ड फील्ड्स. तिथल्या सोन्याच्या खाणी 2001 साली बंद झाल्या, पण सणाला गावी जाणं काही खाणीवर अवलंबून नसतं. डिसेंबर लागला की अक्का सूनबाईंना सांगून टाकतात, "तेवीसला जाते, दोन तारखेला येते." सूनबाई म्हणतात, "हो हो, निवांत जा." मग तीन आठवडे या विषयावर घरात कुणी चकार शब्द काढत नाही. तेवीस तारीख तोंडावर आली की मात्र सगळ्यांना असा धक्का बसतो, जणू नाताळ पंचवीस तारखेला ठेवायचं यंदाच ठरलंय.

येलहंका म्हणजे तसं हलकं गाव नव्हे. बंगळूर वसवणारे केंपेगौडा इथले नाडप्रभू. इथल्या कारखान्यात रेल्वेची चाकं ओततात. हवाई दलाच्या तळावर दर दोन वर्षांनी एअरो इंडिया भरतं आणि लढाऊ विमानं आभाळात कोलांट्या मारून दाखवतात. अशा या पराक्रमी गावात अक्का नसल्या, तर सकाळचे साडेनऊ वाजले तरी चहाचं गाळणं सापडत नाही.

मी आणि आमची ही, हिवाळा लागला की सांगलीहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने इकडे येतो. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नातीला सांभाळायला आलोय, असं कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात कोण कुणाला सांभाळतं हे नात सगळ्या सोसायटीला सांगत असते.

2024 चा नाताळ मला विशेष आठवतो, कारण तेव्हा महाराष्ट्रातही कोण काय करणार हाच प्रश्न चालू होता. 23 नोव्हेंबरला निकाल लागले, 5 डिसेंबरला मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला, 15 तारखेला नागपुरात बाकीच्यांनी शपथा घेतल्या, पण कुणाच्या वाट्याला कोणतं खातं हे कळायला 21 डिसेंबरची रात्र व्हावी लागली. टीव्हीवर ती यादी शेवटच्या राज्यमंत्र्यापर्यंत पाहून मी झोपलो. रविवारी सकाळी उठून बघतो तर आमच्या फ्रिजवर दुसरी यादी.

चिरंजीव एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहेत. म्हणजे नेमकं काय करतोस, असं एकदा विचारलं होतं. "लोकांकडून कामं करून घेतो," म्हणाले. फ्रिजवर त्यांनी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. काम सुरू झालं की चिठ्ठी मधल्या रकान्यात, संपलं की उजवीकडे. "आपण हे दहा दिवस स्प्रिंटसारखे चालवायचे," ते म्हणाले. "रोज सकाळी आठला स्टँड-अप."

"मी बसूनच ऐकते," ही म्हणाली. "गुडघे दुखतात."

एकूण कामं दहा. चिरंजीव समानतेचे कट्टर पुरस्कर्ते असल्यामुळे वाटणी पाच-पाच. त्यांच्याकडे केक, नाताळचं झाड, गॅलरीतली चांदणी, पंचवीस तारखेची बिर्याणी आणि पाहुणे-संगीत. सूनबाईंकडे रोजचा स्वयंपाक, भांडी, कपडे, केर-फरशी आणि 'इतर'. झाडाची पालकमंत्री म्हणून नातीचं नाव तिथल्या तिथे जाहीर झालं (महाराष्ट्रात पालकमंत्री ठरायला 18 जानेवारी उजाडली, एवढं इथे नोंदवून ठेवतो). मी बिनखात्याचा.

सूनबाई ऑडिटमध्ये आहेत. त्यांनी चहाचा कप हातात धरून फ्रिजकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बेरीज बरोबर आहे. नोंदी चुकल्यात."

"पाच-पाच आहेत की!" चिरंजीव म्हणाले.

यावर ही बोलली. "पाच-पाच आहेत रे. पण तुझ्या पाचांतलं एक तरी काम दुसऱ्या दिवशी परत येतं का?"

घरकामाची जी काही मीमांसा मी आजवर ऐकली, तिच्यात याच्यापुढे कुणी गेलेलं नाही. झाड एकदा उभं केलं की उभं. चांदणीला एक खिळा आणि एक स्टूल, शिवाय स्टूल धरायला दुसरा माणूस. केक एकदाच फुगतो आणि फुगला की त्याचा फोटो निघतो. उलट भांडी. रात्री लखलखीत करून पालथी घातलेलं पातेलं सकाळी दुधाचं होऊन हजर. ओट्याचा फोटो कुणी काढत नाही, सिंकच्या जाळीत अडकलेल्या शिताला लाइक मिळत नाही. गडी माणसं कामाला भीत नाहीत, हे मी चाळीस वर्षांच्या निरीक्षणानंतर सांगू शकतो. त्यांना फक्त असं काम लागतं, ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि शेवटी कुणीतरी 'वा' म्हणणार आहे.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने त्याच वर्षी देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. त्यांची रीत मला आवडली. पहाटे चारपासून पुढच्या पहाटे चारपर्यंतचा दिवस, अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे, कोणत्या कप्प्यात काय केलंत ते सांगा. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं निघाली, पुरुषांची 88. आधीच्या, म्हणजे 2019 च्या सर्वेक्षणात हेच आकडे 299 आणि 97 होते. मधे अख्खा लॉकडाउन होऊन गेला, त्यात पुरुषांनी फेटलेल्या डालगोना कॉफीचे फोटो अजून फोनमधून हलायला तयार नाहीत, आणि तरी पुरुषांची नऊ मिनिटं कमीच झाली. बरं, ही 88 मिनिटंसुद्धा मुळात काही ना काही करणाऱ्या पुरुषांची. जे काहीच करत नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. 'हळद कुठंय?' असं स्वयंपाकघरातून ओरडून विचारण्यात जो वेळ जातो तो विचारणाऱ्याच्या कप्प्यात टाकायचा की आंघोळ अर्धी सोडून सांगणारीच्या, हा खरा वादाचा मुद्दा.

असो. आमच्याकडे त्याच सकाळी मंत्रिमंडळात फेरबदल झाला. सूनबाईंनी दोन चिठ्ठ्या उचलल्या आणि अदलाबदल केली. केक त्यांच्याकडे, भांडी चिरंजीवांकडे. चिरंजीवांचा चेहरा पडला. केक हे घरातलं मलईदार खातं, आणि त्यांनी त्यासाठी आठवडाभर व्हिडिओ पाहिले होते. सुका मेवा रममध्ये भिजवायचा की संत्र्याच्या रसात, साखर किती करपवायची, ओव्हन आधी किती तापवायचा, यावर त्यांची टिपणं तयार होती. इथले जुने लोक मेवा ऑक्टोबरातच भिजत घालतात, हेही त्यांना बावीस डिसेंबरला समजलं होतं.

सूनबाई चपला घालून बाहेर पडल्या आणि नातीची आंघोळ आटोपायच्या आत परत आल्या. हातात कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीचा पुठ्ठ्याचा खोका, आत बिनअंड्याचा प्लम केक. बंगळुराची ही एक गंमत आहे. अंड्याला हात न लावणाऱ्या अय्यंगारांनी गल्लोगल्ली बेकऱ्या काढल्या, त्यामुळे मार्गशीर्ष पाळणाऱ्या आमच्या हिलासुद्धा नाताळचा केक चालतो. सूनबाईंनी खोका ओट्यावर ठेवला, केकची चिठ्ठी उजव्या रकान्यात लावली आणि पेपर घेऊन बसल्या.

"अगं, पण यात प्रोसेस कुठंय?" चिरंजीव कळवळले.

"प्रोसेसची भांडी कुणाकडे होती?" सूनबाईंनी पेपरातून मान वर न करता विचारलं.

भांडी खात्याचा कार्यभार चिरंजीवांनी मोठ्या तडफेने स्वीकारला, म्हणजे पहिल्यांदा खरेदी केली. तीन जातींच्या घासण्या, निथळायला स्टीलची जाळी, एक लांब दांड्याचा ब्रश. घरात डिशवॉशर आहे, पण आपल्या घरांतल्या डिशवॉशरचं दुःख असं की कुकर, कढई, तवा आणि परात ही जी घासायला जिवावर येतात ती त्यात मावत नाहीत किंवा चालत नाहीत. मावतात ते कप आणि ताटल्या, ज्या नळाखाली नुसत्या धरल्या तरी निघतात. त्या कपांची मांडणी मात्र चिरंजीव रोज रात्री नव्याने करत. सूनबाईंनी लावलेला कप्पा बाहेर काढून पुन्हा भरण्यात त्यांना काय समाधान मिळतं ते त्यांनाच ठाऊक.

करपलेल्या पातेल्याशी त्यांची गाठ पडली तेव्हा मात्र ते खऱ्या अर्थाने माझे चिरंजीव शोभले. त्यांनी पाणी ओतलं, साबणाचे दोन थेंब टाकले आणि जाहीर केलं, "भिजू दे." पाटबंधारे खात्यात आम्ही यालाच 'प्रकरण विचाराधीन' म्हणत असू. पातेलं सोमवारी भिजत होतं, मंगळवारी भिजत होतं. त्याच्या शेजारी दुसरं आलं. भिजत घोंगडं म्हणतात ते स्टीलचंही असतं, हे मी त्या सिंकमध्ये पाहिलं. शेवटी मंगळवारी रात्री चिरंजीव बाह्या सरसावून उभे राहिले, तासभर घासलं, आणि मग त्या पातेल्याचा त्यांनी फोटो काढला. आधीचा आणि नंतरचा. फोटोशिवाय काम संपत नाही, यावर माझा आता पूर्ण विश्वास बसलाय.

शेजारी मंगळुरी कॅथलिक कुटुंब. त्यांच्याकडे नाताळच्या आधी दोन आठवडे तळणीचा वास असतो, कुस्वार चाललेलं असतं. नेवऱ्या, चकल्या, साच्यावर तळलेली गुलाबफुलं आणि मुख्य म्हणजे कुलकुल. पिठाची बोटाच्या पेराएवढी गोळी काट्याच्या नाहीतर कोऱ्या कंगव्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळत खाली आणायची. शंख तयार. हे हजारांनी करायचे, म्हणून अख्खं घर टेबलाभोवती बसतं, आणि त्यात पुरुषसुद्धा. ही एका संध्याकाळी तिकडे जाऊन आली आणि आम्हा दोघांना ऐकवलं, "जाऊन बघा. त्यांचे मिस्टर कसे निमूट बसलेत गोळ्या वळत. नाहीतर तुम्ही. दिवाळीत चिवड्याची चव बघायला तेवढे येता."

चव बघणं हेही एक काम आहे, त्यात मिठाची जबाबदारी असते, असं मी म्हणणार होतो.

चोवीसच्या संध्याकाळी शेजारीणबाई स्वतः ताट घेऊन आल्या. त्यांची कोंकणी आणि हिची मराठी एकमेकींच्या गळ्यात गळे घालून चालतात. हिने त्यांच्या नवऱ्याचं कौतुक केलं. त्या जोरात हसल्या. "सहा वर्षांचे होते तेव्हापासून वळतात. कुलकुल एक नंबर. पण पीठ कुठल्या डब्यात आहे ते विचारा त्यांना. आणि तळणीचं तेल नंतर कोण गाळतं ते पण विचारा." मला एकदम बरं वाटलं. धर्म वेगळा, भाषा वेगळी, खाण्याच्या वस्तू वेगळ्या, पण तेलाच्या कढईपाशी आम्ही सगळे पुरुष एक.

पंचवीसची बिर्याणी चिरंजीवांनी केली. मार्गशीर्षामुळे ती भाज्यांची होती. त्यांनी केली म्हणजे काय, तर कांदे सूनबाईंनी उभे चिरले, पुदिना हिने निवडला, लसूण मी सोलला, नातीने केशर दुधात घालून चमचा चाटला, आणि चिरंजीवांनी ॲप्रन बांधून थर लावले. पाहुणे जाताना त्यांचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते. धरणावर पाचशे माणसं राबतात आणि कोनशिलेवर एकाचंच नाव येतं. या प्रकाराशी माझा नोकरीभर संबंध आलेला असल्याने मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

माझं स्वतःचं खातं एव्हाना ठरलं होतं. कचरा. 'इतर'मधून तो माझ्याकडे वर्ग झाला. बंगळुरात हे वरिष्ठ दर्जाचं काम आहे. 2015 साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने इथे दोन बादल्या आणि एक पिशवी आली. हिरव्या बादलीत ओला, तांबडीत डायपरसारखा टाकाऊ, पिशवीत सुका. सकाळी गाडी आली की 'हसी कसा' म्हणजे ओला आणि 'ओणा कसा' म्हणजे सुका वेगळा देता आला पाहिजे. एरवी ठीक, पण नाताळात नसते पेच उभे राहतात. केकच्या तळाचा बटर पेपर कागद म्हणून सुका, की त्याला केक चिकटलाय म्हणून ओला? चमकी लावलेला भेटवस्तूचा कागद कुठे? झाडाखालचा कापसाचा बर्फ? मी सव्वीसच्या सकाळी बटर पेपर पिशवीतून सादर केला. गाडीवरच्या बाईंनी पिशवीत हात घालून तो अचूक बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला. "अज्जा, इदु हसी!" माझ्या कारकिर्दीत कार्यकारी अभियंत्यानेही फाइल इतक्या तत्परतेने परत पाठवली नव्हती. कर्नाटकाने 2004 सालीच घरकामाला किमान वेतन ठरवून दिलं. त्यात सासऱ्यांचा समावेश नाही.

गाडी गेल्यावर मी बाकावर बसून फोनवर वाचत होतो, जगात इतरत्र या बाबतीत काय व्यवस्था आहे ते. व्यवस्था जुनी निघाली. प्राचीन रोमन लोकांचा डिसेंबरात सॅटर्नेलिया नावाचा सण असे, तेव्हा मालक गुलामांना वाढत. ब्रिटिश फौजेत अजूनही नाताळच्या जेवणाला अधिकारी शिपायांच्या ताटात वाढतात. सगळं छान, पण बारकाईने पाहिलं तर या अदलाबदली वाढण्यापाशी थांबतात. मालकाने वाढलं, साहेबाने वाढलं. पंगत उठल्यावर पातेली कुणी घासली याविषयी इतिहास गप्प. त्यातल्या त्यात आयर्लंडची बातमी वेगळी होती. कॉर्क आणि केरी भागांत 6 जानेवारी हा 'बायकांचा नाताळ'. त्या दिवशी घरकाम सगळं पुरुषांकडे, बायका मैत्रिणींना घेऊन बाहेर. पण तारीख बघा! नाताळच्या बारा दिवसांचा स्वयंपाक-पाणी उरकलं, उष्टी-खरकटी निघाली, आणि मग पुरुषांनी म्हणायचं, 'चला, आज तू बस.' हे मी हिला वाचून दाखवलं, तेवढं दाखवायला नको होतं, असं चिरंजीवांचं मत.

त्याच दिवशी, 26 तारखेला, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. म्हणजे उद्यापन, म्हणजे सवाष्णी, म्हणजे पुरण. शेजारच्यांचं ताटही अजून आमच्याकडेच होतं, आणि ताट रिकामं परत द्यायचं नसतं. चिरंजीव नवीन चिठ्ठ्या लिहायला बसले. 'डाळ शिजवणे', 'पुरण वाटणे', 'कट काढणे.' हिने त्या बघितल्यासुद्धा नाहीत. हिची पद्धत साधी आहे. खातं नाही, रकाना नाही. दारातून जो आत येईल त्याच्या हातात वस्तू ठेवायची. चिरंजीव पाणी प्यायला आत गेले ते शिजलेल्या डाळीचं पातेलं आणि पुरणयंत्र घेऊन बाहेर आले. मी चष्मा शोधायला गेलो, वेलदोडे सोलत बसलो. सूनबाईंची आतून एक मीटिंग चालू होती, कानात ते बोंडूक, तोंडाने "येस, येस" आणि हाताने कणीक तिंबणं. नात हळदीकुंकवाची तबकं पुसत होती. सोसायटीचे सेक्रेटरी देखभाल खर्चाची पावती द्यायला आले, त्यांना दारातच नारळ फोडायला लावला. एक वाजता सगळं तयार. चिठ्ठ्या डाव्या रकान्यात होत्या तशाच, आणि सगळ्यांचे हात भरलेले असल्याने फोटो एकही नाही.

शेजारीणबाई जेवायला आल्या, ओटीत फळ घेतलं आणि जाताना त्यांच्या ताटात पुरणपोळ्या गेल्या. संध्याकाळी त्यांचे मिस्टर लिफ्टमध्ये भेटले. पोळीची तारीफ करून म्हणाले, तूप कुठल्या डब्यात असतं ते त्यांना आज कळलं. मी अभिनंदन केलं.

31 तारखेला चिरंजीवांनी 'रेट्रोस्पेक्टिव्ह' ठेवली. म्हणजे काय चांगलं झालं, काय सुधारता येईल ते प्रत्येकाने सांगायचं. नात म्हणाली, झाड चांगलं झालं, पण आता ते काढणार कोण. सूनबाई म्हणाल्या, नोंदी सुधारत आहेत. मग हिची पाळी आली.

"सहा तारखेला आम्ही बाहेर जाणार आहोत," ही म्हणाली. "ते आयर्लंडचं. मी, सूनबाई, शेजारच्या बाई आणि अक्का. कमर्शियल स्ट्रीट, मग जेवण, मग आइस्क्रीम."

"अक्का?" आम्ही दोघं एकदम ओरडलो. अक्का दोन तारखेलाच येणार, या भिस्तीवर आम्ही आयर्लंडला मनोमन मान्यता देऊन बसलो होतो.

"मग? त्या काय बाई नाहीत?"

"आई, सहाला सोमवार आहे," चिरंजीवांनी शेवटचा प्रयत्न केला. "माझी रिलीज आहे त्या दिवशी."

"माझीपण," ही म्हणाली.

चिरंजीव उठले आणि त्यांनी फ्रिजवर नवी पिवळी चिठ्ठी लावली. '6 जानेवारी: स्वयंपाक, भांडी, केर, फरशी, कपडे. बाबा आणि मी.' मग माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "बाबा, बाहेरून मागवू या?"

"मागव," मी म्हणालो. "पण ग्रेव्हीचे रिकामे डबे ओल्यात जातात की सुक्यात, ते गाडीवरच्या बाईंना आधी विचारून घेतो. ते खातं माझ्याकडे आहे."